नालीला सावली दिल्याबद्दल

प्रति,
माननीय अंदाजपत्रककार साहेब,
(प्रवासी निवारे, बाकडी व नामफलक)

विषय : काटोल येथील एका नालीस भर उन्हाळ्यात सावली मिळवून दिल्याबद्दल जाहीर आभार.



आपलं नाव मला ठाऊक नाही, खातंही ठाऊक नाही. थांब्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर त्या एकाचीच चौकशी लागेल आणि बाकीचे सुटतील. तर काटोलातल्या या थांब्यावर आपण नवाकोरा निवारा उभारलात. वर निळा पत्रा, मागे पत्रा, बसायला चकचकीत स्टीलचं बाकडं. नवतप्यातल्या, म्हणजे मेअखेरच्या, एका दुपारी तीनच्या सुमारास आम्ही काही मंडळी तिथं नागपूरच्या गाडीची वाट पाहत होतो. एक आजी आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. बाकड्यावर टेकल्या आणि टेकल्या तशाच उठल्या.

"अवो बाप्पा! बाकडं हाय का तवा? पोयी टाकली त फुगन!"

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. त्या निवाऱ्याला वळसा घालून मागे गेल्या आणि नालीवरच्या ढाप्यावर जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही आधीच तिथं होतो.

याचं श्रेय आपल्याला कसं जातं, ते सविस्तर सांगतो. आपण निवाऱ्याचं तोंड पश्चिमेला केलंत. काटोलात मेअखेरीस सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो, सव्वीस मेच्या आगेमागे तर आपल्याकडे शून्य सावली दिवसच असतो. त्या वेळी, म्हणजे सव्वाबाराच्या आसपास, छताची सावली बरोबर छताखाली पडते. तेवढा वेळ आपला निवारा अगदी चोख काम करतो. मग सूर्य पश्चिमेला सरकतो आणि सावली पूर्वेला निघते. तीन वाजता छताची अख्खी सावली मागच्या पत्र्यापलीकडे, नालीवर जाऊन पडते. पुढून ऊन सरळ आत येतं, मागचा पत्रा तापतो, बाकडं तापतं, आणि सावलीपुरती सावली नालीला मिळते. डासांच्या पिढ्या आपल्याला दुवा देतील.

अंदाजपत्रकात काय काय असतं, याचा मी उगाच विचार करत बसलो. गाडी येत नव्हती, दुसरं काय करणार? स्टीलचा दर किलोवर, काँक्रीटचा घनमीटरवर, रंगाचा चौरस मीटरवर. पूर्व-पश्चिम कुठंच नाही. एक माणूस दुपारी तीन वाजता होकायंत्र घेऊन, किंवा होकायंत्राशिवायही, तिथं पाच मिनिटं उभा राहिला असता तर निवारा फिरवायला एक पैसा जास्त लागला नसता. नामफलकाची जागा मात्र अचूक साधली आहे. निधी कुणाचा, प्रयत्न कुणाचे, शुभहस्ते कुणाच्या, सगळं लांबून वाचता येतं. फोटोतली मंडळी त्या उन्हातही प्रसन्न दिसतात.

बाकीच्या तक्रारी उरकून घेतो. नागपूर ते नरखेड ब्रॉडगेज मेट्रो काटोलवरून वातानुकूलित धावणार, असा करार जुलै २०१८ मध्ये झाला. तिच्या गारव्यावर आम्ही तेव्हापासून जगतो आहोत. नागपुरात इथेनॉलवर चालणारी हिरवी बस आली, २०१८ मध्ये गेलीही. एसटीसाठी ५,१५० विजेच्या गाड्यांचा करार झाला, त्यातल्या किती आल्या हे विचारू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसात नागपूरचं मोरभवन बसस्थानक पाण्यात गेलं, तेव्हाही थांब्यावर उभ्या माणसाची आठवण कुणाला आली नाही. हवामानबदलाला तोंड द्यायचं म्हटलं की आपल्याकडे आधी गाडी विकत घ्यायचं ठरतं. गाडीसाठी ताटकळणारा माणूस त्या हिशोबात बसत नाही.

आणि इथं माझा पारा चढतो, साहेब. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. चांगलं झालं, गाड्या भरून जातात. पण तिकीट अर्धं झालं तरी ताटकळणं पुरतंच राहिलं. गाडी कधी येईल हे थांब्यावर सांगणारं कुणी नाही, म्हणून बाया अर्धा तास आधीच येतात, आणि गाडी आणखी अर्धा तास उशिरा येते. हातात मोबाइल असलेल्या या जमान्यात "डेपोतून निघाली का?" याचं उत्तर पानठेल्यावर मिळतं. त्या तासाभरात घरी, पंख्याखाली बसता आलं असतं. उन्हात उभं करून ठेवायचं, मग दवाखान्यात ओआरएसची पुडी द्यायची, आणि कुणी दगावलं तर तो उष्माघातच होता का यावर कागद रंगवायचे! नागपुरानं २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेत. २०२४ मध्ये तिथल्या एका स्वयंचलित केंद्रानं छप्पन्न अंश दाखवले, तेव्हा हवामान खात्यानं यंत्र बिघडलं असल्याचं जाहीर केलं. ढाप्यावर भोवळ आलेल्या एखाद्या बाईसाठी असा खुलासा कोणतं खातं करणार आहे?

हाच काटोल तालुका संत्र्याच्या कलमांना हिरव्या जाळीखाली वाढवतो. झाडाच्या आळ्यात उन्हाळ्यात आच्छादन घाला, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. आमच्या घराघरांतल्या कूलरला वाळ्याच्या ताट्या आहेत. मे महिन्यात विदर्भाची हवा इतकी कोरडी असते की ओल्या वाळ्यातून आलेला वारा अंगाला थंड लागतो, हे पोराटोरांनाही कळतं. अहमदाबादेत लाल दरवाजाच्या बसस्थानकावर २०२५ च्या उन्हाळ्यात नेमकं हेच केलं : वाळ्याचे पडदे, वरून पाण्याचे फवारे. वाळा आपल्या घरचा, आणि बातमी वाचायला मिळाली गुजरातची. वर पत्र्याला चुना, पश्चिमेला ताट्या, बाकडं लाकडाचं. एवढ्यानं भागलं असतं.

तरी तुमच्यावर फार वेळ रागावता येत नाही. तुम्हालाही मी बहुधा पाहिलं आहे. नागपूरहून अपडाऊन करणारे, तोंडाला दुपट्टा, खांद्याला बॅग, खिशात कदाचित आईनं ठेवलेला कांदा. संध्याकाळची गाडी चुकली की तुम्हीही ढाप्यावरच येता. वाळा दरसूचीत नाही. झाड लावायचं तर ते दुसऱ्या खात्याचं, आणि कडुनिंबाला सावली धरायला वर्षं लागतात. निधी मात्र ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा. एवढ्या मुदतीत उगवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पत्रा. वरून नकाशा येतो, तो काटोलला लागतो आणि कोकणातही लागतो, तिथं पावसाला आणि इथं उन्हाला. तुम्ही फक्त आकडे भरता. पश्चिमेचं ऊन तुम्हालाही कळलं असेल. टिपणी लिहिलीही असेल, आणि साहेबांच्या साहेबांनी "नियमानुसार कार्यवाही करावी" असा शेरा मारून ती परत पाठवली असेल. असं काही झालं असेल तर ती टिपणी जपून ठेवा. मला ती वाचायची आहे.

आता विनंती. पुढच्या निवाऱ्याच्या पाहणीला मार्चमध्ये येऊ नका. तेव्हा बिलं निघायची असतात आणि हवाही बरी असते. मेच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीनला या. गाडीनं नको, एसटीनं या. बाकड्यावर बसा, आणि नंतर आमच्यासोबत मागे या. मीही असेन. येताना अंदाजपत्रकाची प्रत आणा. नामफलकाच्या रकमेवर काट मारून तिथं वाळा लिहायचा आहे. पेन माझ्याकडे आहे.

आपला,
काटोलचा एक प्रवासी