बोळ्यानं दूध

शंका घेणं हा आपल्याकडं उगाचच सद्गुण मानला जातो. खरी तपश्चर्या असते ती विश्वासाची. ती कशी करावी, हे जर्मन पोलिसांकडून शिकावं. हातातल्या पुराव्यावर त्यांनी वर्षानुवर्षं असा अढळ विश्वास ठेवला, की पुरावा वेड्यासारखा बोलू लागला तेव्हासुद्धा त्यांनी त्याला वेडा म्हटलं नाही, जग बदललं.

इडार-ओबरश्टाइन गावात 1993 साली एका 62 वर्षांच्या बाईंचा तारेनं गळा आवळून खून झाला. त्यांच्या चहाच्या कपाच्या कडेवरून एका अनोळखी स्त्रीचा डीएनए मिळाला. पुढं 2001 मध्ये फ्रायबुर्गला जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याचा खून झाला आणि त्याच्या स्वयंपाकघरातल्या खणावर तीच स्त्री निघाली. इथवर ठीक होतं. दोन खून करणारी बाई जगात असू शकते. पण नंतर ती रानात पडलेल्या हेरॉइनच्या सुईवर सापडली. फोडलेल्या कॅराव्हॅनमधल्या उष्ट्या बिस्किटावर सापडली. फ्रान्समध्ये रत्नांच्या व्यापाऱ्यांना लुटताना वापरलेल्या खेळण्यातल्या पिस्तुलावर सापडली, वोर्म्स शहरात दोन भावांच्या भांडणात सुटलेल्या गोळीवर सापडली, खिडकी फोडायला वापरलेल्या दगडावर सापडली. ऑस्ट्रियात वाहनचोऱ्यांतही तिचा हात दिसला. आणि 25 एप्रिल 2007 रोजी हाइलब्रॉन शहरात भरदुपारी गाडीत बसलेल्या 22 वर्षांच्या एका पोलीस तरुणीच्या डोक्यात गोळी घातली गेली, तिचा सहकारी मरता मरता वाचला, तेव्हा त्या गाडीतही तीच.

एकूण चाळीस ठिकाणं. खून, घरफोडी, अमली पदार्थ, शिवाय चहा-बिस्किटं. एवढी अष्टपैलू कारकीर्द आपल्याकडच्या कुठल्या पुढाऱ्याचीही नसेल.

एखाद्या हलक्या मनाच्या हवालदारानं इथं डोकं खाजवलं असतं. तपासकर्त्यांनी तसं केलं नाही, आणि इथंच त्यांचं मोठेपण. पकडलेले साथीदार म्हणाले, आमच्यात कुणी बाई नव्हतीच. केवढी ही निष्ठा! कॅमेऱ्यात ती कधी दिसली नाही, म्हणजे सावध. साक्षीदारांना पुरुष दिसला. म्हणजे बाई पुरुषासारखी दिसते, आणि तसं रेखाचित्रही निघालं. प्रत्येक विसंगतीनं बाई उंचावत गेली. शेकडो बायकांच्या तोंडातली लाळ तपासून झाली, बक्षीस 3 लाख युरोंवर पोचलं. हाइलब्रॉनचं भूत म्हणून ती युरोपभर गाजली. आमच्या कोकणातल्या कुठल्याही हडळीला सरकारनं कधी एवढी किंमत दिलेली नाही.

या भुताला एकच पथ्य होतं. बव्हेरियात ते पाऊल ठेवत नसे. आजूबाजूच्या राज्यांत धुमाकूळ, पण बव्हेरियाची हद्द आली की सोवळं. आता बव्हेरियाचे पोलीस पुरावा टिपायच्या कापसाच्या काड्या दुसरीकडून विकत घेत, हे खरं. पण भूत आणि खरेदी खातं यांचा संबंध जोडायला मन फार कोतं असावं लागतं.

आपल्याकडं लक्ष वातींचा नेम करणारी एखादी काकू असते. दुपारभर पायावर वाती वळते आणि ओळखीपाळखीच्या सगळ्या देवळांत पाठवते. उद्या त्या देवळांत चोऱ्या झाल्या आणि पोलिसांनी नेमक्या वातीच तपासल्या, तर तालुक्यातली सर्वांत मोठी दरोडेखोर कोण ठरेल, हे सांगायला नको. काकूला कुणी विचारलंच, तर ती वाती मोजून दाखवेल.

फ्रान्समध्ये सापडलेल्या एका जळालेल्या प्रेताची ओळख पटवण्यासाठी, एका पुरुषाच्या आश्रयाच्या अर्जावरचे बोटांचे जुने ठसे काडीनं पुसून घेतले गेले. ते साल होतं 2009. पुरुषाच्या ठशांतून बाई निघाली, आणि बाई तीच! पुन्हा तपासलं तर गायब. पुरुषासारखी दिसणारी बाई खपली होती. जळालेला पुरुष हाच बाई आहे, हे मात्र त्या विश्वासालाही पेललं नाही. मार्च महिन्यात जाहीर झालं ते असं: डीएनए कारखान्यात काड्यांचं काम करणाऱ्या एका कामगार स्त्रीचा होता. ती इमानानं नोकरी करत होती आणि तिचा घाम, तिची त्वचा सरकारी तिजोरीतून पैसे मोजून विकत घेतली जात होती.

काड्या निर्जंतुक होत्या, हे आवर्जून सांगायला हवं. कोरोनानं आपल्या सगळ्यांच्या नाकातून ती काडी फिरवलेली आहे, त्यामुळं तिच्याबद्दल आदर हवाच. निर्जंतुक करताना जंतू मरतात. पेशींमधला डीएनए मात्र वाचण्याइतपत शाबूत राहू शकतो, आणि प्रयोगशाळा त्याच्या चिमूटभर अंशाच्या असंख्य प्रती काढते. म्हणजे जंतू गेले, बाई उरली. डीएनएपासूनही मुक्त असलेलं साहित्य म्हणजे काय, याचा आंतरराष्ट्रीय मानदंड 2016 साली आला. घाई कशाला करायची?

आता त्या पोलीस तरुणीचं. नोव्हेंबर 2011 मध्ये आयझेनाख गावात बँक लुटणाऱ्या दोघांची प्रेतं एका कॅराव्हॅनमध्ये मिळाली. सोबत तिचं आणि तिच्या सहकाऱ्याचं सरकारी पिस्तूल. हे दोघे 'एनएसयू' नावाच्या नवनाझी टोळीचे. त्यांनी 2000 ते 2006 या काळात आणखी नऊ जणांना मारलं होतं, आठ तुर्की वंशाचे आणि एक ग्रीक. त्या नऊ खुनांचा तपासही विश्वासानंच चालला होता: मेलेला परदेशी, म्हणजे भानगड त्याच्या घरातच असणार. विधवांची, मुलांची चौकशी झाली. माफिया हाती लागावा म्हणून न्युरेम्बर्गला पोलिसांनी चक्क कबाबचा ठेला चालवला. हॅम्बुर्गच्या पोलिसांनी मृतात्म्यांशी बोलणाऱ्या माणसाचं साहाय्य घेतलं. (आमच्याकडं हेच काम देवऋषी करतो, आणि आम्ही त्याला मागासलेपणा म्हणतो.) हाइलब्रॉनला खुनाच्या जागेजवळ मुक्काम असलेल्या रोमा लोकांवर नजर गेली, कारण भटक्यांवर नजर जायला पुरावा लागतच नाही. यात वांशिक काही नव्हतं. केवळ सवय होती.

म्युनिकच्या कोर्टात 438 दिवस सुनावणी झाली आणि जुलै 2018 मध्ये टोळीतल्या हयात स्त्रीला जन्मठेप झाली. ही बाई खरी होती, मात्र या खुनांसाठी तिला इतकी वर्षं कुणी शोधत नव्हतं. नेमकी हीच पोलीस तरुणी का, थुरिंगिया राज्यातून आलेल्या टोळीला थुरिंगियाचीच मुलगी दूरच्या शहरात योगायोगानं कशी भेटली, गोळी झाडणारे दोघेच होते का, हे प्रश्न चौकशी समित्यांच्या जाडजूड अहवालांत व्यवस्थित जपून ठेवलेले आहेत.

आणि धडा घेतला नाही असं कुणी म्हणू नये. बव्हेरियातून 2001 साली नाहीशी झालेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीचे अवशेष 2016 मध्ये थुरिंगियाच्या जंगलात मिळाले. तिच्या खुनासाठी एका मतिमंद तरुणाला 2004 मध्ये दोषी ठरवून झालं होतं आणि 2014 मध्ये निर्दोष सोडूनही झालं होतं. आता अवशेषांजवळ डीएनए मिळाला, आणि तो निघाला आयझेनाखच्या कॅराव्हॅनमधल्या त्या दोघांपैकी एकाचा! आठवडाभर वर्तमानपत्रं पेटली. मग कळलं, की ज्या नखाएवढ्या कापडावर तो डीएनए होता, ते कॅराव्हॅनमधल्या हेडफोनचं होतं, आणि दोन्ही जागी पुरावे गोळा करायला गेलेले पोलीस एकाच विभागाचे होते. संशयाची सुई त्यांच्या मोजपट्टीवर गेली.

मुलीच्या खुनाचा तपास 2020 मध्ये बंद झाला. खुनी मिळाला नाही. मोजपट्टी मापात चुकली, अशी तक्रार मात्र कुणीही केलेली नाही.