कुठल्या फर्ग्युसनशी तुलना?

मँचेस्टर युनायटेडमध्ये नवा मॅनेजर आला की त्याला लगेच अॅलेक्स फर्ग्युसन यांच्या शेजारी उभं करून मोजलं जातं. शेजारी असतात ते अर्थातच १३ लीग विजेतेपदं खिशात घालून २०१३ साली निवृत्त झालेले फर्ग्युसन. नव्या सुनेची पहिली पोळी सासूच्या चाळीस वर्षांच्या हाताशी ताडून पाहावी, तसा हा न्याय! १९८६ साली आलेल्या फर्ग्युसनना पहिला करंडक मिळायला मे १९९० उजाडला. त्याआधीच्या सप्टेंबरात मँचेस्टर सिटीने त्यांच्या संघाला ५-१ असं धुतलं, आणि तीन वर्षं नुसत्या सबबी ऐकल्या, आता निघा, अशा आशयाचा फलक ओल्ड ट्रॅफर्डच्या प्रेक्षकांत झळकला. मोसम संपला तेव्हा संघ तेरावा होता. खुद्द फर्ग्युसननी निवडलेले डेव्हिड मॉयेस मात्र सहा वर्षांचा करार असूनही दहा महिन्यांत बाहेर गेले, संघ सातवा असताना.

तेव्हा आजच्यासारखा पैसा नव्हता, असं म्हणतात. पण १९८९ मध्येच एकट्या गॅरी पॅलिस्टरसाठी २३ लाख पौंड मोजले होते. त्या काळी ही रक्कम चिल्लर नव्हती. धीर धरला म्हणून प्रत्येक मॉयेसचा फर्ग्युसन होत नाही, हा आक्षेप मात्र बिनतोड आहे. तरीही निकाल लागला की न्याय होतो, हेही खरं नाही: २०१६ साली लुई व्हान गाल यांनी एफए कप जिंकून दिला आणि दोनच दिवसांत त्यांच्या हाती नारळ पडला.