संस्था जबाबदार राहणार नाही

उन्हाळी शिबिराचा प्रवेश अर्ज तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचलाय? वर फोटो चिकटवायची चौकट, मग टी-शर्टचा साइज, मग ‘भरलेली फी परत मिळणार नाही’, आणि अगदी तळाला, चष्मा पुसून वाचावं लागेल अशा अक्षरात, पालकांचं हमीपत्र. ‘मी माझ्या पाल्यास स्वतःच्या जबाबदारीवर शिबिरात पाठवत आहे. त्यास कोणतीही इजा झाल्यास अथवा कोणताही अनुचित प्रकार घडल्यास संस्था जबाबदार राहणार नाही.’ आपण सही ठोकतो. मागे रांग असते, आणि मीडियम साइजचे टी-शर्ट संपत आलेले असतात.

फौजदारी गुन्ह्यापुढे या कागदाची किंमत शून्य आहे, हे कोणताही वकील सांगेल. पण कागद लिहिणाऱ्याचं मन त्यात स्वच्छ दिसतं. मुलाची जबाबदारी कोणाची नाही, हे छापलेलं असतं. कोणाची आहे, ते पाठपोट शोधलं तरी सापडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या पुरुषांनी जिंकला आणि महिलांनीही. नवल कसलं? आपल्याकडे कोच क्लबला खो देतो, क्लब शाळेला, शाळा जिल्हा संघटनेला, संघटना महासंघाला आणि महासंघ पोलिसांना. पोलीस म्हणतात, आधी घरच्यांनी बसून मिटतंय का बघा. डाव संपतो तेव्हा मूल होतं तिथेच उभं असतं.

याचा नमुना बघायचा तर पंचकुलाला जावं लागेल, १९९० सालच्या ऑगस्टमध्ये. हरयाणा लॉन टेनिस संघटनेचे अध्यक्ष होते एस. पी. एस. राठोड, हुद्द्याने पोलीस महानिरीक्षक. संघटनेचं कार्यालय त्यांच्याच घराच्या गॅरेजात. टेनिस खेळणाऱ्या एका १४ वर्षांच्या मुलीच्या वडिलांना साहेब स्वतः जाऊन भेटले. तिला परदेशी पाठवू नका, म्हणाले, इथेच खास प्रशिक्षणाची सोय करतो. वडिलांना केवढं बरं वाटलं असेल! दुसऱ्या दिवशी, १२ ऑगस्टला, मुलगी मैत्रिणीला घेऊन त्या कार्यालयात गेली. साहेबांनी मैत्रिणीला कोचला बोलावून आणायला पिटाळलं, आणि मागे राहिलेल्या मुलीचा विनयभंग केला. मैत्रीण लवकर परतली, म्हणून या प्रकरणाला साक्षीदार तरी मिळाला.

आता सांगा, तक्रार न्यायची कुठे? संघटनेकडे? अध्यक्ष तेच. पोलिसांकडे? तिथेही तेच. पालकांनी आणि खेळाडूंनी जमून थेट सरकारला निवेदन दिलं. राज्याच्या पोलीस महासंचालकांनी चौकशी केली आणि महिन्याभरात अहवाल दिला की गुन्हा नोंदवावा. एवढं सरळ काम झालेलं पाहून यंत्रणाच बिचकली असावी, कारण गुन्हा काही नोंदवला गेला नाही. त्याच सप्टेंबरात मुलीच्या शाळेने तिचं नाव कापलं. कारण काय, तर फी थकली. फी उशिरा भरणारी मुलं शाळेत इतरही होती. मग तिच्या भावावर मोटारचोरीच्या केसेस पडू लागल्या, एकामागून एक. डिसेंबर १९९३ मध्ये मुलीने विष घेतलं. १९९९ मध्ये राठोड राज्याचे पोलीस महासंचालक झाले.

निकाल लागला २१ डिसेंबर २००९ रोजी. १९ वर्षांनी. सहा महिने कैद आणि १,००० रुपये दंड. लगेच जामीन झाला, आणि साहेब कोर्टातून हसत बाहेर पडले. तो हसरा फोटो तेव्हा सगळ्या देशाने पाहिला. पुढे शिक्षा दीड वर्षाची झाली, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून भोगली तेवढी शिक्षा पुरे म्हटलं.

आणि ही १९ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या कोणी झिजवल्या? टेनिस संघटनेने नाही, शाळेने नाही, क्रीडा खात्याने तर नाहीच. त्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी. मुलगी त्यांची नव्हती, आणि कुठल्याही हमीपत्रावर त्यांची सही नव्हती.

तो जमाना वेगळा होता, असं म्हणायची सोय आता नाही. २०१२ पासून पॉक्सो कायदा आहे. मुलगी असो की मुलगा, १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला तो लागू आहे. पोलिसाने किंवा मुलाचा विश्वास आणि अधिकार ज्याच्या हाती आहे अशा माणसाने नको तिथे हात लावला, तर आज किमान ५ वर्षांची कैद आहे. पण या कायद्याचं खरं कलम वेगळंच आहे, आणि क्रीडा संस्थांच्या वार्षिक सभेत ते सोडून बाकी सगळं वाचून दाखवतात. कलम १९ म्हणतं, गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. पुरावा गोळा करायला सांगितलेलं नाही, खातरजमा करायला सांगितलेलं नाही. कळवा, एवढंच. कलम २१ म्हणतं, जो कळवणार नाही त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दाबला तर एक वर्षापर्यंत कैद आणि वर दंड.

म्हणजे ‘जबाबदार कोण’ हे संसदेने कधीच लिहून ठेवलंय. प्रमुख. ज्याचा फोटो फ्लेक्सवर सर्वांत मोठा असतो तो. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेत अत्याचार झाला, तेव्हा न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवर याच कलमाखाली गुन्हा दाखल झाला. ते प्रकरण मैदानावरचं नव्हतं, पण मैदानवाल्यांनी त्या आठवड्यात आपापली हमीपत्रं काढून एकदा वाचायला हरकत नव्हती. वाचली असतील? मला शंका आहे.

दाबण्याची कला आपलीच आहे, अशा भ्रमात राहू नका. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाने ती पार शास्त्राच्या पातळीवर नेली. ‘इंडियानापोलिस स्टार’ या वृत्तपत्राने ऑगस्ट २०१६ मध्ये बातमी दिली, की महासंघाने दहा वर्षांत ५४ प्रशिक्षकांविरुद्ध आलेल्या तक्रारींच्या फायली नीट लावून जपून ठेवल्या होत्या. जपून म्हणजे आत. पीडित मुलाची किंवा पालकांची सही नसेल, तर ती ‘ऐकीव माहिती’ आणि बहुधा पोलिसांपर्यंत जाणार नाही, असा दंडक. ही बातमी वाचून पूर्वी खेळणारी एक स्त्री पुढे आली आणि राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याचं नाव उघड झालं. ती १५ वर्षांची असताना नासरने उपचाराच्या नावाखाली अत्याचार केला, तेव्हा तिची आई त्याच खोलीत होती. तो असा उभा राहायचा, की आईला काही दिसू नये.

महासंघाला हा डॉक्टर नवा नव्हता. त्याच्याबद्दलची तक्रार जून २०१५ मध्येच त्यांच्या हाती आली होती. केंद्रीय तपास यंत्रणेला कळवायला त्यांनी महिन्याहून अधिक वेळ घेतला, आणि कळल्यावर यंत्रणा स्वस्थ बसली. अमेरिकी न्याय खात्याच्या चौकशीनुसार या दिरंगाईच्या काळात आणखी सुमारे ७० खेळाडू त्याच्या तावडीत सापडल्या. मग अर्थातच तक्रारींसाठी डेन्व्हरला वेगळं केंद्र निघालं आणि कायदाही आला. त्या केंद्राने तपासनीस म्हणून नेमलेल्या एका माजी पोलिसालाच पुढे बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली, आणि २०२५ मध्ये केंद्राच्या मुख्याधिकारी बाईंना घरी जावं लागलं. कुंपणाने शेत खाल्ल्याची म्हण तिकडे आहे की नाही, कोण जाणे.

आपण मात्र आपल्या मैदानावर येऊ. संध्याकाळी साडेपाचला कडेला उभं राहा. नऊ-दहा वर्षांचा पोरगा, पाठीवर त्याच्याहून मोठी किट बॅग, पहिला दिवस. वडील गाडीवरून उतरतही नाहीत. एक पाय जमिनीला टेकवून म्हणतात, ‘‘सर, घरात फार लाडावलाय. ऐकलं नाही तर द्या दोन ठेवून. आमची काही तक्रार नाही.’’ सर हसून मान हलवतात. पोरगा खाली बसून बुटाची नाडी बांधत असतो, पण कान इकडेच असतात.

त्या अर्ध्या मिनिटात त्या पोराला दोन गोष्टी कळतात. आपल्या अंगाला हात लावायला सरांना घरून परवानगी आहे, आणि सरांची तक्रार घरी चालत नाही. पुढे कधी पायात गोळा आला म्हणून मालिश करताना सरांचा हात भलतीकडे गेला, तर हे पोर घरी येऊन कोणत्या तोंडाने सांगेल? बापाने तोंड पहिल्याच दिवशी बंद केलंय. तेही प्रेमाने.

मुलगाच आहे, त्याला काय होतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी इंग्लंडचा बॅरी बेनेल. फुटबॉलमधली रत्नं हेरणारा म्हणून त्याचं नाव होतं. पोरांना रात्री मुक्कामाला घरी न्यायचा. घरात माकड पाळलेलं, खेळाची यंत्रं मांडलेली. पोरं हरखायची आणि आईबाप धन्य व्हायचे, कारण पोरगा मोठ्या क्लबात जाणार होता. २०१८ मध्ये १२ मुलांवरच्या ५० गुन्ह्यांत तो दोषी ठरला. तोवर ती मुलं चाळिशी-पन्नाशीला आली होती.

आपल्याकडे मोठा क्लब नसला तरी मोह आहेच. संघात निवड, स्पर्धेचं प्रमाणपत्र, दहावी-बारावीचे वाढीव क्रीडा गुण, पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण. या सगळ्याची पहिली किल्ली सरांच्या खिशात. अशा माणसाविरुद्ध बोलायला मुलाच्या आधी आईबापच कचरतात. ‘‘यंदा राज्य स्पर्धा आहे गं, एवढं वर्ष काढ.’’ हे वाक्य कुठल्याही फायलीत सापडत नाही. ते स्वयंपाकघरात बोललं जातं.

आणि धीर करून बोललंच कोणी, तर ऐकायला कोण बसलंय? तालुक्याच्या एखाद्या संघटनेची कार्यकारिणी डोळ्यांपुढे आणा. अध्यक्ष भाऊसाहेब, त्यांना खेळाचं काही कळत नाही, पण मैदान त्यांच्या शिक्षणसंस्थेचं. सचिव स्वतः सर. खजिनदार सरांचा मेव्हणा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती हवी असं पत्र आलं, म्हणून समितीच्या अध्यक्षपदी सौ. सर. कोरम पूर्ण. वरच्या मजल्यावर तरी निराळं काय आहे? कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा स्टेडियम आणि क्रीडा संकुलांना नाव घेऊन लागू आहे. तरी मे २०२३ मध्ये, कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसलेल्या असताना, ३० राष्ट्रीय महासंघांपैकी जवळपास निम्म्यांकडे धड समितीच नाही अशी बातमी आली, आणि मानवी हक्क आयोगाला नोटिसा काढाव्या लागल्या. २०२५ च्या नव्या क्रीडा प्रशासन कायद्याने महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरण आखायला सांगितलंय. उत्तम. पण ते दिल्लीहून निघून तुमच्या गल्लीतल्या टर्फवर पोचेपर्यंत तुमची पोरगी सीनियर गटात गेलेली असेल. तिथे अकादमी काढायला एक जाळी, चार प्लॅस्टिकचे कोन आणि एक फ्लेक्स पुरतो. कोचने पूर्वी कुठलं गाव का सोडलं, हे कोणी विचारत नाही. भाडेकरू ठेवायचा तर आपण पोलिसांत त्याची माहिती देतो!

तेव्हा यंदा अर्ज भरायला जाल, तेव्हा टी-शर्टच्या साइजआधी चार प्रश्न विचारा. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलं कुठल्या खोलीत झोपणार आणि सर कुठल्या? मालिश, फिजिओ जे काय असेल, ते दार उघडं ठेवून आणि दुसऱ्या मोठ्या माणसादेखत होतं का? सर मुलांना रात्री व्हॉट्सॲपवर एकेकट्याने मेसेज करतात का? आणि सरांबद्दलच तक्रार असेल तर ती घ्यायला सरांचा नातेवाईक नसलेला माणूस कोण, त्याचं नाव आणि नंबर कुठे लावलाय? जमल्यास १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर रंगवून द्यायची तयारी दाखवा, रंगाचा खर्च आपला.

जिथले सर खुर्ची पुढे करून उत्तरं देतील, तिथे नाव घाला. आणि ‘‘काय हो काकू, आमच्याकडे तसलं काही होत नाही,’’ असं हसून म्हणाले, तर भरलेली फी परत मागा. मिळणार नाही, पण मागा.