व माय, सासूबाईच नाचायला लागल्या!

भाद्रपद पौर्णिमा जवळ आली की जळगावातल्या अपार्टमेंटांच्या पार्किंगमधून गाड्यांची हकालपट्टी होते. कारण विचारलं तर एकच उत्तर, "प्रॅक्टिस आहे." कोणाची? दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची. या त्याच काकू, ज्यांच्या गुडघ्यांपायी लिफ्ट बंद पडली की सोसायटीच्या चेअरमनला घाम फुटतो. आता हातात टिपऱ्या, कमरेला पदर खोचलेला आणि तासभर गोल फिरणं चालू. वर गिरकीसुद्धा! हाडांच्या डॉक्टरांनी तोंड कुठे लपवायचं?

प्रकरण गुलाबाईचं आहे. पत्रिकेवर तिला भुलाबाई म्हणतात. केशवस्मृती प्रतिष्ठानची ललित कला संवर्धिनी जळगावात भुलाबाई महोत्सव भरवते, आणि घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या मंडळींनी शहराला हे वेड लावलंय. शाळकरी पोरींपासून नातवंडं असलेल्या बायकांपर्यंत गटच्या गट स्पर्धेत उतरतात. नऊवारी, नथ, गजरे, एकसारख्या रंगाचे काठ. नवरोबा स्वतःचा चहा स्वतः करून पितात आणि साखर कुठल्या डब्यात असते याचा शोध त्यांना लग्नानंतर इतक्या वर्षांनी लागतो.

आता यात चांगल्या घरातल्या माणसाने हबकून जावं असं काय? अहो, सगळंच! मुळात या देवीची गोष्टच ऐका. शंकर सारीपाटात हरले, रुसून रानात निघून गेले, पार्वती भिल्लिणीचं रूप घेऊन मागे गेली आणि देव तिला भुलले. म्हणून ते भुलोजी, म्हणजे आपले गुलोजी. जिथे देवाधिदेवांचं हे असं, तिथे आपण काकूंना काय बोलणार! त्यात गाणी सगळी सासुरवासाची, माहेरच्या ओढीची. ती सर्वांत चढ्या आवाजात कोण म्हणतंय? साक्षात सासूबाई. सून पहिल्या रांगेत बसून मोबाइलवर शूटिंग घेतेय. पुढेमागे पुरावा म्हणून लागेल असा तिचा हिशेब असावा. शिवाय जुन्या चालींवर नवे शब्दही बसवले जातात, मुलगी वाचवा, पाणी वाचवा. गुलाबाई बिचारी मातीची, गुलोजीशेजारी मधे गणपतीला घेऊन बसलेली. ती काय बोलणार.

पण खरी खमंग गोष्ट वेगळीच आहे आणि ती कुणी बोलत नाही. डबा कुठाय?

घरच्या गुलाबाईत गाणी संपेपर्यंत पोरींचं अर्धं लक्ष डब्याकडे असायचं. खिरापत ओळखल्याशिवाय वाटायची नाही, हा कायदा. यजमानीण डबा कानाशी हलवून दाखवणार, पोरी ओरडणार: गोड का तिखट? खडखड वाजतंय, म्हणजे फुटाणे! वाजत नाही, म्हणजे शिरा! एखादी चतुर आई कापडात गुंडाळून शेंगदाण्याचे लाडू ठेवायची, आवाजच नाही. मग अर्धा तास नुसता गोंधळ. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर, रोज या घरातून त्या घरात. या धंद्यात परीक्षक नव्हता, छातीवर नंबर नव्हता आणि "वेळ संपली" सांगणारी घंटी तर नव्हतीच. रंगमंचावर टिपऱ्या आल्या, वेशभूषा आली, ढाल आली; डब्याला मात्र गुण नाहीत, म्हणून डबा घरी राहिला. ही तक्रार मी नाक मुरडून करते आहे, पण हेही खरं की ट्यूशन, टीव्ही आणि दांडियाने गुलाबाईला कोपऱ्यात बसवलं तेव्हा तिला बाहेर काढायला डबा घेऊन कोणीही आलं नव्हतं. आले ते हे महोत्सववालेच.

तिकडे युरोपात बरोबर उलटं झालं. हंगेरीत लोकनृत्य म्हणजे रंगमंचावरचा सरकारी थाट: पोशाख कडक, पावलं शिस्तीत, प्रेक्षक खुर्चीत. ६ मे १९७२ला बुडापेस्टमध्ये काही नृत्यपथकांतल्या पोरापोरींनी एका क्लबात स्वतःसाठी नाच ठेवला. वाजवायला बेला हालमोश आणि फेरेन्त्स शेबो. प्रेक्षक नाहीत. कल्पना उचलली ट्रान्सिल्व्हानियातल्या सेक नावाच्या खेड्यातून, जिथली तरुण मुलं एखादं घर भाड्याने घेऊन तिथे नाचायची. पुढे सगळ्यांनाच दार उघडलं: येत नसेल तर शिका, पण बसायचं नाही. २०११ला युनेस्कोने या उपक्रमाची दखल घेऊन जतनाच्या उत्तम पद्धतींच्या यादीत नाव घातलं. म्हणजे त्यांनी नाच स्टेजवरून फरशीवर उतरवला, आपण ओसरीवरून स्टेजवर चढवला. युरोपवाल्यांना नाचावरून भुवया उंचावणं नवीन नाही म्हणा. १८१६ साली दरबारी मेजवानीत वॉल्ट्झ झाला तर लंडनच्या टाइम्सने लोकांना पोरीबाळी सांभाळायला सांगितलं होतं. खानदेशातल्या आत्याबाई त्या पेपरात असत्या तर संपादकच झाल्या असत्या.

आणि "बसायचं नाही" हा कायदा आपल्याला बुडापेस्टने शिकवायला नको. धुळ्यात या. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. सुरत, नाशिक, पुण्याहून भाऊबंद स्वतःला एसटीत कोंबून घेत येतात, कारण रोट खायला घरी नाही गेलं तर पुढे वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. सोमवारी सकाळी नारळाची ती देवी नटूनथटून बायकांच्या डोक्यावरून पांझरेकडे निघते आणि पुढे बँड. मग जे होतं त्याला नाव नाही. बँकेतल्या मॅडम, दवाखान्यातल्या सिस्टर, परवा कंबर धरून बसलेल्या आजी, सगळ्या फुगडीत. रस्त्याच्या कडेला एखादी नवी सून लाजून उभी राहिली की आतून हाक येते, "तू बी ये ना व, नुसती देखस काय!" यात ढाल नाही, नंबर नाही, वयोगट नाही.

वरातीचं तर बोलूच नका. तिथे वाजते पावरी. हे वाद्य मुळात धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातलं. भोपळा, बांबू आणि शिंग यांचं. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कोकणी आदिवासी मंडळी त्याच्या सुरावर रात्र रात्र नाचतात, आणि तिथे ते देवाचं काम असतं, गंमत नव्हे. तोच सूर आता बँडवाल्याच्या कीबोर्डात जाऊन बसलाय. बटण दाबलं की पावरी! देवाचा सूर असा बटणात कोंबला याचं मला खरंच वाईट वाटतं. पण तो सूर सुरू झाला की माझंही पाऊल जागचं हलतं, हे कोणाला सांगू नका. अहिराणी गाण्यावर मामा, मावसा, व्याही, विहीण, सगळे एका रांगेत, हात वर, खांदे उडताहेत. मुहूर्त टळला, भटजींनी दोनदा निरोप पाठवला, घोड्यावर नवरदेवाला डुलकी लागली. मंडपातल्या पंगतीत शेवभाजी थंड झाली. कुणाला सोयर नाही, सुतक नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. पूर्वी प्रत्येक वरातीत कडेला उभं राहून "हाई काय चाली राहिनं व माय!" म्हणणाऱ्या दोन-चार बायका हमखास असायच्या, आणि नाचणाऱ्या सगळ्यांच्या पर्सा त्यांच्याच खांद्यावर. आता त्याच पहिल्या रांगेत नाचतात. परवाच्या एका वरातीत अशा नऊ-दहा पर्सा अखेर घोडेवाल्याच्या गळ्यात पडल्या. तो बिचारा वरात मंडपाशी लागल्यावर घोडा सोडून पर्सा वाटत बसला, आणि दोन पर्सांवर तीन विहिणींनी हक्क सांगितला.