शंभर दिरहमने हुकलेला संसार

लग्नाआधी पत्रिका जुळावी लागते, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक असते. लग्नानंतर पगारपत्रकही जुळावे लागते, हे दुबईला गेल्यावर कळते. संयुक्त अरब अमिरातीत नोकरदाराला बायको-मुले जवळ ठेवायची असतील, तर महिन्याचा पगार किमान ४,००० दिरहम हवा. किंवा ३,००० आणि वर कंपनीचे घर. २०१९ पर्यंत हुद्दाही बघत. आता हुद्दा विचारत नाहीत, फक्त पगार विचारतात. सुधारणा म्हणतात ती हीच.

आता खेड-चिपळूणकडचा एखादा एसी मेकॅनिक घ्या. पगार समजा ३,९००. डोक्यावर छप्पर आहे, पण ते कंपनीच्या खोलीचे, आणि त्याखाली आणखी पाचजण घोरत असतात. शंभर दिरहम म्हणजे दोन-अडीच हजार रुपये. मुंबईत चौघांनी बऱ्या हॉटेलात जेवायचे म्हटले तरी एवढे बिल होते. तेवढ्यावरून याची बायको चिपळूणला आणि हा दुबईच्या देरा भागात.

कुवेतचा खाक्या आणखी वरचढ. तिथे २०२४ च्या जानेवारीत कौटुंबिक व्हिसा पुन्हा सुरू झाला, तेव्हा अट घातली ८०० दिनार पगाराची, म्हणजे दोन लाखांहून जास्त रुपयांची. शिवाय नवरा पदवीधर हवा आणि नोकरी त्या पदवीला साजेशी हवी. इतकी चौकशी तर मुलीच्या मामानेही केली नव्हती. पदवीची अट काही महिन्यांतच सैल झाली, पगाराची राहिली.

बायको सोबत नाही म्हटल्यावर आखाताच्या लेखी हा गृहस्थ बॅचलर. दोन मुले असोत, गावाकडे मोठ्या मुलीची दहावी चालू असो, तरीही बॅचलर. देरा, बर दुबई, सत्वा इथल्या भिंतींवर आणि दुकानांच्या काचांवर 'बेड स्पेस, एक्झिक्युटिव्ह बॅचलर'च्या चिठ्ठ्या चिकटलेल्या असतात. म्हणजे खोली नव्हे, खाट भाड्याने. त्यातही वरच्या खाटेचे भाडे वेगळे, खालच्या खाटेचे वेगळे. आणि कुटुंबांच्या वस्तीत बॅचलरांनी राहू नये, असा तिथल्या पालिकांचा दंडक. पगार कमी म्हणून कुटुंब आणू द्यायचे नाही, आणि कुटुंब नाही म्हणून वस्तीत राहू द्यायचे नाही. या तर्कापुढे आपले तलाठी कार्यालयही हात टेकेल.

बरे, शंभर दिरहम वाढले असे धरून चालू. मग ही बाई आपलीच बायको आहे, हे सिद्ध करायचे. लग्नाच्या दाखल्यावर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा, आणि तिकडे पोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा. पुढे अरबी भाषांतर. लग्नाला भटजी एकच होता, पण त्याचा शब्द आता कोण धरतो?

पैशाला मात्र यातले काही लागत नाही. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये परदेशी गेलेल्यांनी भारतात सुमारे १२९ अब्ज डॉलर धाडले. एकाही डॉलरला कुणी पदवी विचारली नाही.

राहता राहिला फोन. अमिरातीत व्हॉट्सॲपवर निरोप जातो, फोटो जातो, लग्नाच्या वाढदिवसाचा हलता गुलाबही जातो. फक्त बोलता येत नाही. बोलायचे तर परवाना असलेले बोटिमसारखे ॲप. भारताचे घड्याळ दीड तास पुढे. इकडे नवरा कामावरून येऊन आठला कुकर लावतो, तेव्हा तिकडे साडेनऊ झालेले असतात आणि बायको जांभया आवरत मोबाइलच्या पडद्यातून त्याच्या डाळीवर देखरेख करते. "अहो, शिट्टी झाली." "ती शेजारच्या कुकरची." सहाजणांची खोली, दोन शेगड्या, तीन कुकर, कुणाची शिट्टी कोणती, हे ओळखायला चिपळूणहून फोन लागतो.

वर्षाकाठी तीस दिवसांची रजा कायद्यानेच मिळते. मग गावी निघताना बॅगेत खजूर, टँग, दुधाची पावडर, मुलांचे बूट आणि एक जाडजूड ब्लँकेट. कोकणातल्या मे महिन्यात ब्लँकेट कुणाला हवे, हे कुणी विचारत नाही. दुबईहून येणाऱ्याने ते आणायचे असते. सोन्याचेही नियम आहेत. वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम दागिने करमाफ, बाईला ४०. ज्या बाईला ही दुप्पट सवलत, तिला तिकडे जायलाच मिळत नाही. आणि जो येतो, त्याने बायकोसाठी चाळीस ग्रॅमचा हार आणला तर निम्म्या हारावर कर. कस्टमचे हे गणित कुणी मांडले असेल, त्याचे लग्न झाले असावे.

दुबई ते मुंबई एकोणीसशे किलोमीटर, तीन तास. मुंबई ते चिपळूण अडीचशे किलोमीटर. त्याला किती तास लागतील, हे सांगायला ज्योतिषी बसवावा लागेल. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये निघाले, आणि तेव्हापासून दर गणपतीला ते पुढल्या गणपतीपर्यंत पुरे व्हायचे असते. ज्याने दुबईत बारा पदरी शेख झायेद रस्त्यावर घाम गाळला, तो माणगावच्या कोंडीत सुट्टीचा पहिला दिवस घालवतो.

परतीच्या सामानाचा कारभार बायकोच्या हाती. तीस किलो कसे भरायचे, हे विमान कंपनीपेक्षा तिला जास्त कळते. पण इथेही नियम आडवे येतात. अनारशाला लावायची खसखस अमिरातीत बंदी असलेल्या मालात मोडते. डबा उघडला तर नवरा चकलीसकट कोठडीत. सुके खोबरेही २०२२ पासून मोठ्या बॅगेत चालत नाही, कारण त्यातले तेल पेट घेऊ शकते. म्हणजे मसाल्यात खोबरे भाजून, कुटून न्यायचे आणि अनारसे नागडेच न्यायचे.

गेल्या गेल्या त्याचा पगार वाढतो. ४,००० पुरे. रात्री आठला, कुकरच्या साक्षीने, तो ही बातमी देतो आणि एका खोलीच्या घराचे भाडे, शाळेची फी असा हिशेबही सांगतो. पलीकडे जरा वेळ बोटावर मोजणी चालते.

"ते सगळं ठीक आहे हो," ती म्हणते. "पण आधी आपला स्लॅब पडू दे. गवंडी सोमवारी पैसे मागतोय."