शिकारीचा पोशाख आणि तोंडवलीची थंडी

थंडी ही वस्तू महाराष्ट्रात सर्वत्र सारख्या दराने मिळत नाही, ही गोष्ट ज्याने उभे आयुष्य जमीनमहसुलाची आकारणी करण्यात घालवले त्या माणसाला तरी ठाऊक असावी, अशी आपली अपेक्षा असते. परंतु आमचे स्नेही रावसाहेब यांनी मामलेदारीच्या उमेदीच्या काळात निफाडला काही हिवाळे काढले होते, आणि जेथे पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवून घडांना ऊब द्यावी लागते अशा त्या तालुक्याच्या हवेवरून उरलेल्या पस्तीस जिल्ह्यांच्या हवेचा जो आकार त्यांनी एकदा कायम केला, तो पुढे कोणत्याही पुराव्याने दुरुस्त झाला नाही. त्यामुळे तोंडवलीच्या एका निवृत्त गुरुजींचे पत्र येऊन, त्यात 'डुकरांनी भुईमुगाचा फडशा चालवला आहे, पौषात राखणीला या' एवढाच मजकूर असताना, रावसाहेबांनी त्याचा अर्थ शीतप्रदेशातील मृगया असा लावला आणि तदनुसार तजवीज सुरू केली.

ही तजवीज ग्रंथाधारे झाली. थंड मुलखात शिकार करणाऱ्याने एकच जाड वस्त्र न घालता एकावर एक अनेक वस्त्रे घालावीत, कारण ऊब कापडात नसून दोन कापडांच्या मध्ये कोंडलेल्या स्थिर हवेत असते; अंगालगतच्या वस्त्राने घाम टिपून बाहेर टाकावा, मधल्या लोकरीच्या वस्त्राने हवा धरून ठेवावी आणि सर्वांत वरच्याने वारा अडवावा, हे शास्त्र त्यांनी कोठूनसे पैदा केले होते. शास्त्र निर्विवाद खरे आहे. मात्र शास्त्रात तीन थर सांगितले असता ते दुप्पट केले म्हणजे फलही दुप्पट मिळते, ही भर रावसाहेबांची स्वतःची. पनवेलच्या फलाटावर ते भेटले तेव्हा त्यांच्या अंगावर सुती गंजीफ्राक, त्यावर फ्लॅनेलचा सदरा, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा स्वेटर, त्यावर निफाडच्या काळातला बंद गळ्याचा गरम कोट आणि या सर्वांवर एक मेणकापडी अंगरखा असा मुद्देमाल अनुक्रमे आढळून आला. कानटोपी आणि गळपट्टा यांची नोंद मी वेगळी करीत नाही. हा ऐवज पेटीत का भरला नाही, असे विचारता पेटीत दुसरा जोड आहे, असे उत्तर मिळाले.

चिपळूण येईपर्यंत रावसाहेबांचा चेहरा शेंदरी झाला होता, आणि कणकवलीला उतरून आचऱ्याकडे जाणाऱ्या एसटीत आम्ही बसलो तेव्हा शेजारच्या बाईंनी, त्यांना ताप भरला असावा अशा समजुतीने, आपल्या मुलाला मांडीवर घेऊन पलीकडे सरकून बसणे पसंत केले. वाटेत आचरे लागते. त्या गावची गावपळण प्रसिद्धच आहे: दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव गुरेढोरे, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन वेशीबाहेर जातो आणि ऐन थंडीच्या सुमारास तीन दिवस तीन रात्री झावळ्यांच्या आणि गवताच्या खोपींत काढतो. म्हाताऱ्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सारे ज्या हवेत उघड्या माळावर सुखाने नांदतात त्या हवेची ही रुजवात मी रावसाहेबांपुढे ठेवली. परंतु देवाच्या हुकमाने होणारी गोष्ट हवामानाचा पुरावा म्हणून दाखल करून घेता येत नाही, असा निर्णय देऊन त्यांनी गळपट्टा आणखी एक वेढा आवळला.

तोंडवलीची रचनाच अशी आहे की थंडीला तेथे फारसा वाव मिळू नये. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची कालावल खाडी, किनाऱ्याला सुरूचे बन, आणि गावाची तळाशील ही वाडी तर या दोन पाण्यांच्या मधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली. पाणी हे उशिरा तापणारे आणि उशिराच निवणारे द्रव्य असल्यामुळे या किनाऱ्यावर पौषातही पारा पंधरा अंशांखाली क्वचितच उतरतो. थंडी जी काही जाणवते ती पहाटे, जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्याने. आणि तीही सूर्य माडांच्या वर आला की आपला बाडबिस्तारा आवरते.

शिकारीचा प्रश्न गुरुजींनी रात्रीच्या जेवणातच निकालात काढला. पूर्वी या भागात डुकराची पारध होई, हाकारे रान उठवीत आणि ठासणीच्या बंदुकीचा बार कधी डुकराला, कधी फणसाच्या बुंध्याला लागे. परंतु १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून वनखात्याच्या परवानगीवाचून डुकराला हात लावणे हा गुन्हा ठरला, आणि शेतसंरक्षणाच्या परवान्यावर घराघरांत ज्या बंदुका राहिल्या त्या दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. एखाद्या बंदुकीने डुकरापेक्षा मतमोजण्याच अधिक पाहिल्या असाव्यात. तेव्हा आपल्याला करायची ती केवळ राखण: माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायचा आणि आरोळ्या ठोकायच्या. रावसाहेबांनी ही पदावनती निमूटपणे स्वीकारली, पण पोशाखात काडीची कपात केली नाही.

गुरुजींचा भुईमूग घरापासून मैलभर होता. वाट चढउताराची, काही ठिकाणी वाळूची. पुढे राखणदार चालत होता. त्याच्या अंगात एक सदरा, डोक्याला पंचा आणि खांद्यावर चौघडी केलेली एक घोंगडी होती. मागून रावसाहेब असे येत होते की त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकूनच त्या शिवारातल्या डुकरांनी त्या रात्रीपुरते स्थलांतर केले असावे. माळ्यावर पोहोचेपर्यंत त्यांचा गंजीफ्राक पिळून काढण्याजोगा भिजला होता, आणि सुती कापडाचा स्वभाव असा की ते घाम शोषून घेते पण सोडत नाही. परिणामी मध्यरात्र उलटून मतलई सुटला तेव्हा सहा थरांच्या तळाशी एक ओला, गार थर त्यांच्या पाठीला चिकटून बसला आणि रावसाहेबांचे दात वाजू लागले. सहा वस्त्रे अंगावर असताना माणूस कुडकुडतो, हे दृश्य राखणदाराने बॅटरीच्या उजेडात काही वेळ न्याहाळले.

"सायबानू," तो म्हणाला, "आतलां ओला काढा आधी. घामच थंडी हाडता."

एवढे बोलून त्याने खांद्यावरची घोंगडी उलगडली आणि डोक्यावरून पांघरून घेतली. वाट चालताना त्याने ती अंगाला लागू दिली नव्हती. स्थिर बसल्याबरोबर घेतली. थरांच्या शास्त्रातले जे कलम रावसाहेबांच्या ग्रंथवाचनात निसटले होते ते हेच: थर हे घालण्यापेक्षा काढण्यासाठी असतात, चढ लागण्यापूर्वी उतरवायचे आणि बैठक मारल्यावर चढवायचे. घोंगडीचे कौतुक मी येथे थोडे अधिक करणार आहे, कारण ते फारसे कोणी करीत नाही. दख्खनी मेंढीची ती राठ लोकर, सनगरांनी मागावर विणलेली, ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली. अंगाला टोचते हे खरे, पण दाट विणीमुळे वारा अडवते, तंतूंच्या गुंत्यात हवा धरते, आणि भिजली तरी ऊब सोडत नाही. घाटावर तिच्यावाचून धनगराचे चालत नाही, कोकणात ती पावसातही डोक्यावर असते. ग्रंथातले मधले आणि वरचे असे दोन्ही थर तिच्या एका पटात येतात, आणि तिला गुंड्या नसल्यामुळे ती काढायला पंचांची गरज लागत नाही.

पहाटे परतताना किनाऱ्यावर रापण ओढणे चालले होते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या त्या प्रचंड जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोरांना माणसांच्या दोन रांगा लागल्या होत्या, आणि पुढची माणसे कमरेइतक्या पाण्यात, उघड्या अंगाने, मोठ्या मजेत उभी होती. रावसाहेबांना ही आत्महत्या वाटली. त्यावर तांडेल हसून म्हणाला, "रावसाहेबानू, पाण्यात येवा, हय ऊब आसा. भायर इलास काय थंडी!" आणि ते अक्षरशः खरे होते, या दिवसांत पहाटेच्या हवेपेक्षा समुद्राचे पाणी कित्येक अंशांनी उबदार असते, आणि गारठा भरतो तो बाहेर येऊन ओल्या अंगावर मतलई घेतल्यावर. एक एक वस्त्र वाळूवर ठेवीत, गुरुजींना साक्षीला ठेवून, रावसाहेब अखेर पाण्यात शिरले, आणि दोराला हात लागताच गेल्या रात्रीपासून हरवलेली ऊब त्यांना परत मिळाली.

याच प्रसंगी एक जाळे खांद्यावर टाकून जाणाऱ्या पोराकडे बघत रावसाहेबांनी, याचाही थर करता येईल काय, अशी पृच्छा केली. आणि ती कुचेष्टा समजून सर्व हसले. पण नॉर्वेच्या सैन्यातल्या हेन्रिक ब्रून नावाच्या अधिकाऱ्याने १९३३ साली नेमके हेच केले होते: मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचे त्याने बनियन शिवले, कारण जाळ्याच्या प्रत्येक घरात उबदार हवा साठते आणि घाम मात्र भोकांतून निघून जातो. त्या जातीचे जाळीदार बनियन १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील गिर्यारोहकांच्या अंगात होते. तोंडवलीत ज्या वस्तूने बांगडा धरतात तिनेच हिलरी आणि तेनसिंग यांची ऊब धरून ठेवली, हे सांगितल्यावर रावसाहेबांना आपली विद्वत्ता पुनःस्थापित झाल्यासारखे वाटले. मात्र तांडेलाने ही माहिती ऐकून जाळ्याच्या वाढत्या किमतीविषयी तक्रार केली, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटली.

रापण ओढायला हात लावल्याबद्दल रावसाहेबांना बांगडे मिळाले. ते ठेवायला दुसरे काही नसल्याने मेणकापडी अंगरख्यात बांधून आणले गेले, आणि त्या सहा वस्त्रांपैकी कामास आलेले हे एकच.

पौषात तोंडवलीला जाणाऱ्याने एक लोकरीचा स्वेटर, एक कानटोपी, वारा अडवील असे एक हलके जाकीट आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड न्यावा. बंदूक नेऊ नये. माळ्यावर बसण्याची हौस असेल तर घोंगडी यजमानांकडे मागावी; तिला नाही म्हणणारे घर त्या गावात आम्हाला तरी आढळले नाही.