साहेब नाही जी

दिवाळी संपली की सुट्टी संपली, असं गोंदियाजवळच्या कुडव्याला बदलून आलेल्या साहेबालाच वाटतं, तेही पहिल्याच वर्षी. इकडे भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची, आणि प्रत्येक गावात एखादा साळा असतोच. रात्रभर दंडारीचा खेळ पाहिलेला माणूस सकाळी मेल कुठून पाहणार? म्हणून मेल सर्व्हरवर 'मी कार्यालयात नाही' हे आपोआप जाणारं उत्तर बसवता येणं, ही गोंदियाकडची जीवनावश्यक विद्या समजावी.

पूर्वी हे खातं चपराशीभाऊंकडे होतं. लागणारं साहित्य : खुर्चीच्या पाठीला स्वेटर, टेबलावर जुन्या नंबरचा चष्मा, चालू पंखा. दाराशी स्टुलावर ते स्वतः. "साहेब आत्ताच होते जी, येऊनच राहिले." ही यंत्रणा वीज गेली तरी चाले, फक्त पंखा थांबे.

सर्व्हरला मात्र सगळं फोड करून सांगावं लागतं. सीव्ह नावाच्या भाषेत त्यासाठी 'व्हेकेशन' अशी आज्ञाच आहे. सुरुवातीची तारीख घाला, शेवटची तर घालाच. आमच्या एका साहेबांचं दिवाळीचं उत्तर होळीपर्यंत जात राहिलं. कोणाचंच काही अडलं नाही, हे मात्र आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एकाच माणसाला दर मेलमागे उत्तर धाडू नये. दिवस सांगितले नाहीत, तर सीव्ह साधारण ७ दिवस त्या माणसाला पुन्हा उत्तर देत नाही. चपराशीभाऊही दुसऱ्या खेपेला नुसती मान हलवत.

आता खरं संकट. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून स्वतःच प्रोग्राम लिहिला : येईल त्याला उत्तर. नागपूरच्या एका कार्यालयातही असाच कोणी शहाणा होता. शुक्रवारी संध्याकाळी आमच्या सर्व्हरने त्यांना कळवलं, मी रजेवर आहे. त्यांच्या सर्व्हरने कळवलं, मीही. आमच्याने लगेच पोच दिली. सोमवारी पाहतो तर पेटी काठोकाठ भरलेली, आणि दोन्ही यंत्रं अजून एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतायत.

यावरचा उतारा ऑगस्ट २००४ पासून लिहून ठेवलेला होता, आरएफसी ३८३४ या नावाच्या इंटरनेटच्या नियमपत्रात. आपल्या उत्तराच्या माथ्यावर 'ऑटो-सबमिटेड : ऑटो-रिप्लाइड' असा शिक्का मारावा, आणि तसा शिक्का असलेल्या मेलला उत्तर देऊ नये. परतीचा पत्ता रिकामा असेल तरी गप्प बसावं. गटाला गेलेल्या परिपत्रकालाही बोलू नये. दोन चपराशी समोरासमोर आले, तर "तुमचे बी नाही का?" एवढं विचारून चहाला जात. त्यांना आरएफसी लागली नाही.

मजकुरात कुठे गेलात ते लिहू नका, चोरालाही वाचता येतं. 'तातडीच्या कामासाठी' म्हणून शेजारच्या टेबलाचं नाव देण्याआधी त्या टेबलाला विचारा. मी विचारलं नाही. त्याच्या उत्तरात माझं नाव होतं. बिचारा एक धानवाला दोन दिवस आम्हा दोघांत फिरला, आणि शेवटी स्वतःच ऑफिसात आला. चपराशीभाऊ स्टुलावरच होते.

"साहेब नाही जी, मंडईत हायेत. थांबा, कुलूप लावतो. मी बी तिकडेच चाललो."